घोडी थांबायची

मेडशीत मुलाचं लग्न ठरलं, की बाप आधी भटजीकडे जायचा आणि तिथून थेट चंपतच्या गोठ्याकडे. भटजी तिथी सांगायचे, चंपत घोडी देणार की नाही ते सांगायचा. घोडी देणं हे आपलं बोलण्यापुरतं. घोडी द्यायची म्हणजे चंपत आलाच, कारण मैनेच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायला तो तयार नसे, आणि मैना तर त्याहून नसे.

चंपत शेतकरी माणूस. नाल्याकाठी जमिनीचा तुकडा, त्यात जवारी, कपाशी, बांधाला तूर. पोट शेतीवर चालायचं, पण नाव चालायचं ते वरधावा म्हणून. नवरदेवाचं वऱ्हाड नवरीच्या गावाजवळ पोचलं की शिवेवरच्या झाडाखाली गाड्या सोडायचे, आणि तिथून एक माणूस सगळ्यांच्या आधी गावात धावत जायचा, नवरदेव आल्याची वर्दी द्यायला. तो वरधावा. कुणी पायी धावे, कुणी बैलांची छकडी पळवी. चंपत घोडीवर जाई. तिकडे वेशीत नवरीच्या घरची एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी असायची. वरधाव्यानं भरधाव यायचं आणि तिच्यापुढे थांबायचं. बाईनं जागचं हलायचं नाही. मग तिनं घोडीच्या खुरांवर पाणी घालायचं, वरधाव्याला शेवयांची वाटी आणि डोक्याला नवा फेटा.

बाकीचे वरधावे लांबूनच लगाम ओढायला लागत. चंपतचं तसं नव्हतं. तो असा यायचा, की दोन्ही बाजूंच्या बाया पदरानं डोळे झाकून घ्यायच्या. आणि मग मैना खूर रोवून जवळजवळ मागच्या पायांवर बसायची, धुळीचा लोट पुढे निघून जायचा, आणि धूळ सरली की दिसायचं, घोडीचं नाक बाईच्या हातापाशी आहे आणि तिच्या फुंकरीनं तांब्यातलं पाणी थरथरतंय. लोक म्हणायचे, काय थांबला चंपत. पुढे कित्येक दिवस ओट्यावर तेच बोलणं.

गिरजाबाई त्याला अशीच भेटली. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ती तांब्या घेऊन उभी होती. कोवळी पोर, पण डोळे मिटले नाहीत. चंपतनं धुळीतून पाहिलं ते टक्क उघडे डोळे, आणि शेवया खायचं विसरून बहिणीच्या सासऱ्याला विचारलं, ही कुणाची. पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच्या घरी आली.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एकदा शेतात भाकर खाता खाता त्यानं ते बोलून दाखवलं. म्हणाला, सगळ्या डोळे झाकत, तू तेवढी माझ्याकडे पाहत होतीस.

"तुमच्याकडे कोन पाह्यलं?" गिरजाबाई कांदा फोडत म्हणाली. "मी घोडीच्या कानाकडे पाहून राह्यली होती."

"कानाकडे कायले?"

"अवो, दुरून यिऊन राह्यली तवा कान पुढं होते. मंग मागं वळले. म्हटलं, इनं मले पाह्यलं. आता हे थांबते."

चंपत हसला. पण पायात कुसळ राहावं तसं ते बोलणं राहिलं. पुढच्या लग्नात त्यानं धावता धावता लक्ष दिलं. आपण लगाम ओढतो त्याच्या आधीच मांड्यांखाली काहीतरी आवळून येतं. घोडीची पाठ आखडते, तिचं ठरतं, आणि मग आपला हात ओढला जातो. प्रत्येक वेळी तसंच. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला? घरी ट्रंकेत फेटे साठत होते.

मैना म्हातारी होऊन मेली. चंपतनं तिला नाल्याकाठी पुरलं आणि दुसरी घोडी ठेवली नाही. लग्नात आता तो पंगतीत बसायचा, आणि कुणी ना कुणी त्याच्या शेजारी बसून जुन्या थांबण्याची गोष्ट काढायचाच.

मग त्याच्याच घरी लग्न निघालं. धाकटी विजयमाला रिठदच्या रंगरावच्या घरी द्यायची ठरली. रंगराव म्हणजे मोठी शेती, दारात बैलांच्या जोड्या, बोलणं मोकळं आणि आवाज मोठा. नवरदेव त्याचा धाकटा, रामराव, शांत मुलगा. आणि थोरला जगदेव. त्याच्याकडे फटफटी होती.

हे दुसरं महायुद्ध पेटायच्या आदल्या वर्षीचं. अकोल्याच्या कुणा ठेकेदाराची जुनी फटफटी जगदेवनं घेतली होती, आणि तिच्यावर बसून तो लग्नाचा निरोप घेऊन मेडशीला आला. आधी आवाज आला. लोकांना वाटलं, कापसाच्या जिनाचं इंजिन कुणी गाडीवर घालून आणतंय. मग कोंबड्या छपरावर गेल्या, दावणीचे बैल दाव्याला हिसके देऊ लागले आणि धुळीतून जगदेव उतरला. चष्मा वर सारला तर डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं, बाकी तोंड रस्त्याच्या रंगाचं. चहा झाल्यावर तो चंपतला म्हणाला, मामा, बसा मागं.

गिरजाबाईनं नको म्हणून डोळ्यांनी खुणावलं. चंपत बसला.

गाव मागे पडलं आणि जगदेवनं मूठ पिळली. चंपतचा फेटा सुटला, टोक मागे फडफडू लागलं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तो हसत होता. मैना गेल्यापासून अंगावरून असा वारा गेला नव्हता. मालेगावच्या रस्त्याला मोरीपाशी वळताना त्यानं जगदेवच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की वरधावा दुसरा कुणी नको, तूच ये, आणि याच्यावरच ये.

परत येताना रामीबाई लागली.

रामीबाईचा नाल्याकाठी भाजीचा मळा. ती डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. मागून आवाज ऐकून ती वळली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. त्या भागातलं लहान पोरही हेच करील. उधळलेला बैल येवो की घोडा, पळायचं नाही, हलायचं नाही. उभ्या माणसाला जनावर पाहतं आणि बाजूनं वाट काढतं, पळणारा मात्र पायाखाली येतो. जगदेवला वाटलं, म्हातारी आता सरेल. म्हातारीला वाटलं, हे आता वाट काढेल.

चंपतनं मांड्या आवळल्या. जुन्या सवयीनं. आणि त्याला कळलं की खाली काहीच नाही. नुसती थरथर. खाली कुणी रामीबाईला पाहिलेलंच नाही.

अगदी शेवटी जगदेवनं हात वळवला. फटफटी तिला घासून गेली, पाटी उडाली, वांगी रस्ताभर झाली आणि रामीबाई हातावर पडली. गाडी पुढे कुठंतरी जाऊन थांबली. जगदेव उतरला तेव्हा हसत होता, पण ओठांना रंग नव्हता.

"म्हातारी हलली काहून नाई?" तो म्हणाला.

रामीबाई धुळीत बसून मनगट धरून होती. तिनं वर पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपलं काय चुकलं ते कुणीतरी सांगावं, असं ते बोलणं होतं. "बापू, मी तं उभीच होती."

चंपत वांगी गोळा करत राहिला. फुटलेलीसुद्धा. तिच्याकडे पाहायचं नव्हतं म्हणून.

हाड बसवणाऱ्यानं रामीबाईच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. जगदेव तिच्या दारात जाऊन भलाबुरा शब्द ऐकून आला आणि संध्याकाळच्या आत रिठदला गेलाही. गिरजाबाईला सगळं कळलं होतं. चंपतनं मोरीपाशी जगदेवला काय सांगितलं, तेही. ती चुलीपुढून उठली नाही.

"वेशीत मले उभं राह्यचं हाये," ती म्हणाली. "मी पाहू कुठं? त्याले कान हायेत काय?"

चंपतनं सुचवून पाहिलं, की तू जरा बाजूला उभी राहा. त्यावर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं पुढचं वाक्य गिळलं. पोरीच्या लग्नात आई बाजूला उभी राहिली, तर रिठदची माणसं वेशीतच म्हणतील की आमचं येणं यांना जड झालं, आणि ते टोचणं विजयमालेला जन्मभर ऐकावं लागेल. हे चंपतलाही माहीत होतं. वरधावा रिठदच्यांनी बदलायचा, नाहीतर गिरजानं उभं राहायचं. तिसरं काही नव्हतं.

तो बैलगाडी जुंपून रिठदला गेला. रंगरावनं व्याह्याचं आगतस्वागत केलं, पान दिलं, आणि ऐकून घेतल्यावर मोठ्यानं हसला. गावभर सांगून झालं होतं. वाशीमचे पाहुणे खास ते पाहायला येणार होते. शिवाय बोलावणं चंपतचंच होतं.

"इवाई, तुमी जलमभर हातभर अंतरावर थांबले," रंगराव म्हणाला, "तवा कोन्या बाईच्या नवऱ्यानं तुमाले अडवलं काय? आता आमचं पोरगं यिऊन राह्यलं, तं तुमच्या पोटात गोळा?"

जगदेव तिथंच फटफटी पुसत होता. तो म्हणाला, मामा, याला ब्रेक आहे, दाबला की थांबते. म्हातारी अचानक आडवी आली, मामी कुठं उभी असणार ते तर मला आधीच माहीत आहे. बोलणं खोटं नव्हतं. चंपतजवळ त्याला उत्तर होतं, एकच. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच बसलं, कारण ते दिलं असतं तर ट्रंकेतले सगळे फेटे त्या उत्तरासोबत गेले असते. तो पान चावत परत आला.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड शिवेवरच्या आंब्याखाली उतरलं. गाड्या सुटल्या, बैल पाण्याला गेले, वाजंत्रीवाले सनई ओली करू लागले. जगदेवनं फटफटीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि दोनदा उगाच सुरू करून बंद केली होती. चंपत पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी घेऊन आला. रंगरावच्या पायांवर पाणी घालून झालं, उपरण्यानं पुसून झाले, पण चंपत उठला नाही. तिथंच बसून म्हणाला, की इवाई, जगदेवला पायी येऊ द्या.

रंगरावचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "पंचक्रोशी सांगते, चंपतसारखा थांबणारा झाला नाई. मंग आमच्या पोराच्या हातात काय कमी हाये?"

चंपत उभा राहिला. डोक्यावर त्या दिवशी त्यानं ट्रंकेतला सगळ्यात जुना फेटा बांधला होता, गिरजेच्या बहिणीच्या लग्नातला. तो काढून त्यानं हातात घेतला.

"मी कधी थांबलोच नाई, इवाई," तो म्हणाला. "घोडी थांबे. बाई दिसली का तिचं तीच ठरवे. मी तिच्या पाठीवर बसून फेटे घेतले."

कुणीतरी हसलं. चेष्टा वाटली असावी. मग चंपतच्या तोंडाकडे पाहून ते हसणं थांबलं.

"त्याच्या हातात कमी काई नाई," चंपत पुढे म्हणाला. "त्याच्या खाली कोनी नाई. मी बसून आलो हाये मागं. मले मालूम हाये."

त्यानं उरलेल्या पाण्याचा पितळी तांब्या उचलला, रस्त्यावर जाऊन मधोमध ठेवला आणि जगदेवला म्हणाला, तिकडून ये. जसा वेशीत येणार होतास, तसाच ये. तांब्यापाशी थांबलास तर मी तुझ्या पुढे चालत वेशीत जातो आणि गिरजेला सांगतो, डोळे मिटून उभी राहा.

मंगल कार्यात हा काय खेळ, रंगराव म्हणाला. पण जगदेवला तो आवडला. त्यानं चष्मा लावला, फटफटी लांब नेली, वळवली आणि निघाला. आवाज वाढत गेला. आंब्याखालचे बैल उठून उभे राहिले. बायांनी पदर डोळ्यांवर घेतले, अगदी पूर्वी घ्यायच्या तसे, आणि चंपतला ते पाहवलं नाही.

जगदेव थांबायला चुकला नाही. ब्रेक दाबलेला सगळ्यांना दिसला. चाकं फिरायची थांबली होती. पण थांबलेल्या चाकांवरच फटफटी रस्त्यावरच्या सुट्या गिट्टीवरून आडवी होत घसरत आली, तांब्याच्या अंगावरून गेली आणि पुढे जाऊन कलंडली. तांब्या टणटण उडत खड्ड्यात पडला. सनईवाल्यानं सनई तोंडापासून काढली.

जगदेव उठला. धोतर गुडघ्यावर फाटलं होतं, कोपराला रक्त होतं. फटफटीकडे त्यानं पाहिलं नाही. खड्ड्यात उतरून त्यानं तांब्या काढला. एका बाजूनं तो पार आत गेला होता. अंगठ्यानं दाबून तो खळगा बाहेर काढायचा प्रयत्न करत राहिला, जणू तेवढं झालं की झालं.

"मामा," तो हळू म्हणाला, "मी ब्रेक दाबला होता. टाइमावर दाबला होता."

"मालूम हाये मले," चंपत म्हणाला. "मी बी लगाम ओढतच होतो."

मग रंगराव पुढे आला. चंपतच्या हातातला फेटा घेऊन त्यानं तो जगदेवच्या डोक्यावर ठेवला, वाकडाच, आणि म्हणाला, "पाह्यतं काय? पायी जा. नवरदेव उन्हात हाये."

वेशीत गिरजाबाई केव्हाची उभी होती. फटफटीचा आवाज सुरू झालेला तिनं ऐकला होता आणि मध्येच बंद पडलेलाही. दोन्ही बाजूंची माणसं कानांवर हात ठेवून तयार होती. वळणावरून जगदेव दिसला. लंगडत, धावत, डोक्यावर वाकडा फेटा, हातात चेपलेला तांब्या. कुणाला हसू आलं, कुणाला काय झालं ते कळेना. तो तिच्यापुढे येऊन थांबला. धाप इतकी, की शब्द फुटेना. गिरजाबाईनं आधी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग हातातल्या तांब्याकडे, मग रस्त्याकडे, चंपत मागून येतोय का ते. तो येत होता, बोडक्या डोक्यानं. तिनं जगदेवच्या पायांवर पाणी घातलं. गुडघ्यावरून ओघळलेलं रक्त धुऊन गेलं.

"मामी, नवरदेव आला," जगदेव म्हणाला.

लग्न नीट पार पडलं. विजयमाला रिठदला रुळली. जगदेवनं फटफटी काही विकली नाही, पण मेडशीला यायचा तेव्हा शिवेवरच्या आंब्यापाशी उतरायचा आणि ती ढकलत गावात आणायचा. लोक आधी हसले, मग सवय झाली. रामीबाईला मात्र कधी सवय झाली नाही. तिचा हात वाकडाच बसला, आणि ती पुन्हा रस्त्यात कधी उभी राहिली नाही. जगदेव बंद फटफटी ढकलत येताना दिसला तरी ती पाटीसकट खड्ड्यात उतरायची आणि तो पार निघून जाईपर्यंत वर यायची नाही. जगदेव मान खाली घालून जायचा.

चंपतच्या थांबण्याची गोष्ट पंगतीत हळूहळू कमी झाली. कुणी काढलीच तर तो मैनेची गोष्ट सांगायचा, आणि ती बरी सांगायचा.

एकदा पावसाळ्याआधी तो अंगणात दावी वळत बसला होता. गिरजाबाई चेपलेल्या तांब्यातून तुळशीला पाणी घालत होती. तांब्या गळत नव्हता, म्हणून तिनं तो वापरात ठेवला होता. चंपतनं मान वर न करता विचारलं, की त्या दिवशी मी शिवेवर काही बोललोच नसतो आणि खरंच फटफटी आली असती, तर तू सरली असतीस ना बाजूला?

"नाई," ती म्हणाली.

"काहून? त्याले कान नाईत, हे तं तूच म्हटलं."

"हो. पन मले वाटलं असतं, तुमी यिऊ देल्ली म्हंजे थांबत असंन."

तिनं तांब्या उपडा घातला आणि आत गेली. चंपतच्या हातातलं दावं तसंच राहिलं. मग उठून तो गोठ्यात गेला आणि बैलांपुढे वैरण टाकली, वेळ झालेली नव्हती तरी.